दुर्गे सर आणि तांब्याचा संशय

दुर्गे सर गेले, हे मला प्रॅक्टिकलच्या ऐन मध्यावर कळलं. ऑफिसमधला मल्लय्या प्रयोगशाळेत आला आणि म्हणाला, वांकिडीहून फोन होता, दुर्गे सार सकाळी वारले. मी त्याला विचारलं, फोन कोणी केला? बाईमाणूस होतं की गडीमाणूस? नेमके शब्द काय होते? मल्लय्या माझ्याकडे बघतच राहिला. "सार, मरणाची बातमी कोणी खोटी देतं का?" तरी मी स्टेशन रोडच्या बूथवर गेलो आणि त्यांच्या गावातल्या किराणा दुकानात फोन लावला. दुकानदार म्हणाला, हो, खरं आहे, हार्टचा झटका होता. तेव्हा कुठे मी खुर्चीवर बसलो. एका साक्षीवर विसंबायचं नाही, दुसरीकडून खात्री करून घ्यायची, ही सवय मला ज्या माणसानं लावली त्याच्याच मरणाची मी खात्री करून घेत होतो... या गोष्टीला आता सात आठवडे झाले.

नामदेव दुर्गे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मंचेरियलच्या आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राचे लेक्चरर म्हणून आले. मी त्याच विभागात दोन वर्षं आधीपासून होतो. सगळं कॉलेज तेलुगू बोलणारं, पोरं बहुतेक कोळसाखाणीतल्या कामगारांची. अशा ठिकाणी मराठी बोलणारे आम्ही दोघंच. मी गुडीहत्नूरकडच्या एका शेतकरी घरातला, ते वांकिडीजवळच्या एका खेड्यातले. त्यांचे वडील दुसऱ्याच्या शेतात सालगडी होते. बाबासाहेबांच्या फोटोखाली कंदील ठेवून शिकलेला हा माणूस. पहिल्या दिवशी त्यांनी माझं आडनाव विचारलं. मी "मोहितकर" म्हटल्यावर एकदम घरच्या बोलीत म्हणाले, "म्हंजे इथं मराठीत भांडाले कोनीतरी आहे म्हना." भांडण पुढे झालंच, पण ते मराठीत झालं नाही. एका इंग्रजी अर्जात झालं, आणि तो अर्ज मी लिहिला होता.

ते काम काय करत होते, हे आधी सांगायला हवं. बेंझिनची सहा कोपऱ्यांची कडी शाळेत सगळ्यांनी पाहिलेली असते. अशा दोन कड्या मध्ये ऑक्सिजनचा एक दुवा घालून जोडायच्या असतील, तर पुस्तकं सांगतात, तांब्याची पूड घाला आणि भरपूर तापवा. तांबं स्वतः खर्ची पडत नाही, ते फक्त जोडून देतं. सर वर्गात त्याला सोयरीक जमवणारा पाव्हणा म्हणायचे. लग्न लावून देतो आणि स्वतः जसा आला तसा परत जातो. पण हा पाव्हणा पूर्ण परत जात नाही, थोडा मालात राहतो. औषधासाठी माल करायचा तर तो कण कण काढत बसावं लागतं. सरांचं म्हणणं असं, की तांब्यासारखा जड धातू मुळात लागतोच कशाला? नायट्रोजन असलेला एखादा साधा सेंद्रिय पदार्थ हीच मध्यस्थी का करणार नाही? या एका प्रश्नावर त्यांनी पीएच. डी.ला नाव घातलं. कोळसा-डांबरातून बेंझिन निघतं, आणि आपण कोळशावर बसलोय, मग हे काम इथे नाही तर कुठे करायचं, असं ते म्हणत.

त्या काळात आमच्या जिल्ह्यात रसायनं मागवणारा माणूस म्हणजे संशयितच. जंगलात नक्षलवाद्यांचं काय चाललं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं, त्यावर उघड कोणी बोलत नसे. एकदा सरांचं पार्सल स्टेशनवरच फोडलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी एक सब-इन्स्पेक्टर दोन शिपाई घेऊन प्रयोगशाळेत आला. बाटल्या उचलून उचलून बघत त्यानं विचारलं, "इससे क्या बनता है?" सर म्हणाले, "बैठो साब. छे घंटे लगते. बनतेच दिखाता." आणि खरोखरच त्यांनी तेलाच्या भांड्यात फ्लास्क बसवला, खाली बर्नर पेटवला, साहेबाला स्टूल दिलं. साहेब चाळीस मिनिटं घाम पुसत बसला आणि निघून गेला. आम्ही हसलो. पण त्यानंतर कित्येक महिने कँटीनमध्ये सर आले की एखाद्या टेबलावरचं बोलणं थांबायचं. माणसावर एकदा बोट उठलं की ते खाली आलं तरी सावली राहते.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर त्यांना ते जमलं. एका दुपारी त्यांनी मला हाक मारून फ्लास्क नाकाशी धरला. फुलासारखा गोड वास होता. ऑक्सिजनच्या दुव्यानं जोडलेल्या दोन कड्यांचं तेच संयुग. ते थंडीत गोठतं, पण मंचेरियलच्या उन्हाळ्यात तेलासारखं पातळच राहतं. म्हणून सर सोडावाल्याकडून बर्फाचा तुकडा घेऊन आले आणि आम्ही नळी बर्फात धरून बसलो. पांढरे स्फटिक धरायला लागले तसा तो एवढा माणूस लहान मुलासारखा टाळ्या वाजवू लागला. "तांबं नाई, मोहितकर! जरासंबी तांबं नाई!"

मीही टाळ्या वाजवल्या. मग घरी जाऊन जेवताना मनात आलं, हे खरं असेल?

आज प्रामाणिकपणे सांगतो, तो संशय निव्वळ रसायनशास्त्राचा नव्हता. मोठमोठ्या प्रयोगशाळांना जमलं नाही ते आमच्या गळक्या छपराखाली जमावं, हा एक भाग होता. पण त्याच्या खाली आणखी एक भाग होता. आमच्या गावात सरांच्या लोकांची घरं ओढ्यापलीकडे होती. आमच्या घरी त्यांच्यासाठी कप वेगळा असायचा, तो गोठ्याच्या कोनाड्यात पालथा असे. मी शिकलो, शहरात आलो, सरांच्या डब्यातली भाकर खाल्ली, आणि मला वाटलं तो कप गावातच राहिला. राहिला नव्हता. दुसऱ्या कुणा लेक्चररनं तेच स्फटिक दाखवले असते, तर मी पेढे मागितले असते. सरांनी दाखवले तेव्हा मी कपाट तपासलं.

तांब्याच्या पुडीची बाटली डावीकडच्या कपाटात मागच्या फळीवर असे. वर्षानुवर्षं कोणी न वापरलेली. त्या संध्याकाळी मी पाहिलं तर तिच्यावरच्या धुळीत बोटं उमटली होती आणि पूड कमी झालेली होती. मला जे हवं होतं ते मिळालं. सरांना विचारावं, त्यांची वही मागावी, हे सुचलं नाही असं म्हणणार नाही. सुचलं, पण विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि मला उत्तर नको होतं... पुढचं दीड वर्ष मी त्यांच्यासोबत चहा पीत राहिलो आणि मनातल्या मनात त्यांच्या हातांवर पाळत ठेवत राहिलो. त्यांनी खिशात हात घातला तरी मला काहीतरी दिसायचं. प्रबंध विद्यापीठात दाखल झाला, एका नियतकालिकानं शोधनिबंध घ्यायचं कळवलं, आणि त्याच आठवड्यात मी एक अर्ज टाइप करून विद्यापीठाला पाठवला. तांब्याविना म्हणून दाखवलेल्या प्रयोगात तांबं घातलं जातं, बाटली अमुक कपाटात अमुक फळीवर आहे, चौकशी व्हावी. खाली नाव नव्हतं.

चौकशीला दोन प्राध्यापक आले. त्यांनी कपाटं उघडली, तांब्याची बाटली तोलली. सरांना हात साबणानं दोनदा धुवायला लावले, घड्याळ काढायला लावलं, खिसे उलटे करायला लावले आणि भिंतीजवळ बसवलं. मग सरांच्याच सामानानं, पण स्वतःच्या हातांनी त्यांनी प्रयोग केला. सहा तास सर भिंतीजवळ बसून होते. विभागातली पोरं व्हरांड्यातून डोकावत होती. मी बर्नरची ज्योत कमीजास्त करत होतो, कारण मला ते काम सांगितलं होतं. संध्याकाळी फ्लास्कमधून तो गोड वास आला. प्राध्यापकांनी हस्तांदोलन केलं, सरांना निर्दोष ठरवलं आणि संध्याकाळच्या गाडीनं गेले.

सगळे गेल्यावर सरांनी घड्याळ हातात बांधलं. मी काचसामान धूत होतो. ते म्हणाले, "मोहितकर, बाटली कोनत्या फळीवर आहे हे या कॉलेजात दोघालेच माहीत आहे. एक मी." मी नळ बंद केला. म्हटलं, "हो सर. मीच."

मग त्यांनी आपली वही उघडून माझ्यासमोर ठेवली. तारखेनुसार सगळं लिहिलेलं. तांबं घालून चार वेळा, तांब्याविना अकरा वेळा, दोन्हींची तुलना. बाटली त्यासाठी उघडली होती. "संशय घेतला याचं मले काई नाई," ते म्हणाले. "मास्तरानं संशय घेतलाच पाह्यजे. पन दस्तखत काऊन नाई केली?"

मी नळ पुन्हा सुरू केला आणि धुतलेलाच फ्लास्क परत धूत राहिलो.

त्यानंतर जवळजवळ वर्षभर ते माझ्याशी कामापुरतं बोलले. माझ्या हातचं धुतलेलं काचसामान ते पुन्हा धूत. मला ते दिसावं म्हणून नव्हे, त्यांचा आता माझ्यावर खरोखरच विश्वास नव्हता. आणि माझंही मन इतकं हट्टी, की चौकशीत सगळं नीट निघूनही मला वाटायचं, सामान तर त्यांचंच होतं ना... प्रयोगात कच्चा माल म्हणून लागणारं पोटॅशचं मीठ त्यांनी आधीच तयार करून ठेवलेलं होतं. त्यातच काही असेल तर?

हे मी एकदा तोंडानं बोललो. दोघंच होतो, उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. मला वाटलं आता ते उठून जातील. त्यांनी कपाटाची किल्ली काढून टेबलावर ठेवली. "माह्या एकाबी बाटलीले हात लावू नका. सारं नवं घ्या, मीठबी तुमीच करा. मी गावाले चाललो. पंधरा दिवसानं येतो. अन् या बखताले जे निघंन ते दस्तखत करून द्या मले."

त्या पंधरा दिवसांत मी तीन वेळा प्रयोग केला. कॉलेजचं डिस्टिल्ड पाण्याचं यंत्र सुट्टीत बंद होतं, म्हणून बॅटरीच्या दुकानातून पाणी आणलं. त्या पाण्यात पोटॅशचं मीठ तयार केलं, सुकवलं, पुढचं सगळं वहीबरहुकूम. तिन्ही वेळा काही झालं नाही. वास नाही, स्फटिक नाहीत, टाकलं तेच परत. मला आनंद झाला, हे लिहिताना लाज वाटते, पण झाला. सर परत आले तेव्हा मी सही केलेला कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. चेहरा उतरला होता. एका क्षणासाठी मला खात्रीच वाटली, की आता ते कबूल करतील.

ते म्हणाले, "काय येगळं केलं तुमी?"

"काहीच नाही."

"काईतरी केलं. एक एक सांगा."

आम्ही सगळी यादी केली. फ्लास्क, तेल, तापमान, वेळ. शेवटी पाण्यावर येऊन थांबलो. पाणी प्रयोगात नसतंच, फक्त मीठ बनवताना लागतं आणि नंतर उडून जातं, म्हणून दोघांच्याही लक्षात ते आलं नव्हतं. सरांनी यंत्र सुरू केलं. दुसऱ्या दिवशी दोन फ्लास्क शेजारी शेजारी लावले. एकात कॉलेजच्या पाण्यातलं मीठ, दुसऱ्यात बॅटरीच्या पाण्यातलं. दोन्ही माझ्याच हातचं. संध्याकाळी पहिल्यातून फुलाचा वास येत होता. दुसऱ्यातून काहीच नाही.

मग सरांनी स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि ते जुनं यंत्र खोललं. यंत्र तांब्याचं, आतून कल्हई केलेलं. ती कल्हई कधीच उडून गेली होती. आत जागोजाग हिरवे डाग. पाण्यातून तांबं इतकं सूक्ष्म येत होतं की नुसतं पाणी तपासलं तर काही दिसू नये. पण पाणी आटलं की ते मिठात राही, आणि सरांचा तो नायट्रोजनवाला पदार्थ त्या कणांना धरून कामाला लावी. आम्ही बादलीभर पाणी आटवलं, तळाशी उरलेल्यात तांबं ओळखणारं द्रावण टाकलं. पिवळसर तपकिरी रंग उतरला. बॅटरीच्या पाण्यात उतरला नाही.

सर स्टुलावर बसले. "तांबंच होतं, मोहितकर," ते म्हणाले. "तुमी खरं बोलले होते. फक्त ते मी टाकत नव्हतो."

मला त्या वेळी काय वाटलं ते धड सांगता येत नाही. मी बरोबर ठरलो होतो आणि माझ्या बरोबर असण्यात काहीच उरलं नव्हतं.

खरी गोष्ट पुढे आहे. हे आमच्या दोघांशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. चौकशीत ते निर्दोष होते, प्रबंधाची तोंडी परीक्षा तेवढी बाकी होती. मी म्हटलं, सर, राहू द्या. मार्गदर्शकांनीही तेच सांगितलं, की चौकशीच्या प्राध्यापकांनीच करून पाहिलेला प्रयोग आहे, तुमचं पाणी बघायला कोण येतंय? प्रिन्सिपल तर हात जोडून म्हणाले, "दुर्गे साब, कायको मुसीबत लेते? फाइल बंद हो गई ना?" सरांनी शोधनिबंध मागे घेतला, प्रबंध मागे घेतला, आणि कारण स्पष्ट लिहिलं. त्याचा परिणाम व्हायचा तोच झाला. ज्यांना आधी संशय नव्हता त्यांनाही आता आला. धूर होता म्हणजे आग होतीच, अर्जदार खोटा नव्हता, पोलीस उगाच आले नव्हते... पदोन्नती त्यांना कधीच मिळाली नाही. मी कॉमन रूममध्ये दोनतीनदा खरं काय ते सांगायचा प्रयत्न केला. लोक मान हलवत आणि विषय बदलत. निनावी अर्जावर झटकन विश्वास बसतो, नाव घेऊन केलेल्या खुलाशावर बसत नाही.

पण सर थांबले नाहीत. नव्वदच्या दशकात त्यांनी आयोडीन हाती घेतलं. आयोडीन धातू नाही आणि मेडिकलच्या दुकानातही मिळतं. चिमूटभर आयोडीननं दोन साधे पदार्थ जुळून सुगंधी वलयाचं एक संयुग तयार होतं, हे त्यांनी दाखवलं. सुगंधी म्हणजे वासाचं नव्हे, बेंझिनच्या कुळातलं. या वेळी पाणी काचेच्या यंत्रातलं होतं. प्रत्येक प्रयोग एकदा ते करत, एकदा मी, एकमेकांना न सांगता, आणि शनिवारी कागद अदलाबदल करत असू. त्यांचा माझ्यावर पुन्हा विश्वास बसला होता असं नाही. माझ्या संशयावर मात्र बसला होता. उतारा फार येत नसे, शंभरात साठपर्यंत, पण येई तो दोघांच्याही हातून येई. एका लहानशा नियतकालिकात दीड पानाचं टिपण छापून आलं. त्यावर दोघांची नावं होती. सरांनी ते पोस्टातून आलं त्या दिवशी पाहिलं, घडी करून खिशात ठेवलं आणि प्रॅक्टिकलला गेले. टाळ्या नाहीत, बर्फ नाही.

मागच्या रविवारी मी वांकिडीकडे गेलो होतो. आसिफाबाद रोड स्टेशनवर गाडीतून उतरून बस धरली. सरांच्या पत्नी विमलवहिनी शाळेत शिकवतात, रविवार म्हणून घरी होत्या. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे मृत्यूनंतरच्या बौद्ध विधीच्या, दिवशी गर्दीत बोलणं झालं नव्हतं. त्यांनी मला रस्त्याकडची खोली दाखवली. सुट्टीत गावी आले की सर तिथेच वाचत बसत. टेबल, खुर्ची, खिडकी. पुस्तकांवर धूळ होती, खूप धूळ, कारण दार सताड उघडं होतं आणि समोर कच्चा रस्ता.

"हे दार लावत नाही का?" मी सहज विचारलं.

"यायनं त्या चौकशीनंतर लावलंच नाई कदी," वहिनी म्हणाल्या. "थंडी असो, वारा-वावधन असो. आमी म्हनो, हवा पाह्यजे असंन. मंग एक डाव मी रागावली, काऊन उघडं ठेवता म्हनलं, सारी माती आत येऊन राह्यली. तं म्हने, ज्याले पाहाचं त्यानं पाहावं. मी काय करून राह्यलो ते रस्त्यावरून दिसलं पाह्यजे." मग त्या म्हणाल्या, "तो अर्ज कोनं केला होता, ते नाव यायनं मले शेवटपर्यंत नाई सांगितलं. लय डाव विचारलं मी."

मला वाटत आलं होतं, की त्यांना माहीत असेल. इतकी वर्षं त्यांच्या हातचा चहा मी ते धरूनच प्यालो होतो. त्यांना माहीत आहे, आणि त्या गप्प आहेत.

"वहिनी, तो मी केला होता," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. पदरानं टेबलाचा एक कोपरा पुसला, मग दुसरा. बराच वेळ त्या टेबलच पुसत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "बस चार वाजता आहे तुमची."

मी उठलो. बाहेर पडताना रस्त्यावरून एक ट्रक गेला, मातीचा लोट आत आला, आणि माझा हात आपसूक दाराच्या कडीकडे गेला.

"राहू द्या," मागून वहिनी म्हणाल्या. "उघडंच राह्यते ते."

मी हात काढून घेतला. थांब्यावर उभं राहून पाहिलं तर तिथूनही सगळं दिसत होतं... टेबल, खुर्ची, खिडकी, आणि पाठमोऱ्या उभ्या वहिनी, पुस्तकांवरची माती झटकताना.